न्यूझीलंडमध्ये किवी पक्षी आणि माओरी संस्कृती एकाच ट्रिपमध्ये नीट कशी अनुभवायची: सविस्तर मार्गदर्शन

आपल्याकडून न्यूझीलंडला जाणारे बहुतेक लोक ऑकलंड, रोटोरुआ, क्वीन्सटाउन असं करून येतात, मध्ये एका संध्याकाळी माओरी, म्हणजे तिथल्या मूळ लोकांचा, डिनर शो, एका दिवशी मेंढ्यांचा शो, मिलफर्ड साउंडची बोट, की झाली ट्रिप. पैसे भरपूर जातात आणि परत आल्यावर विचारलं की किवी बघितला का, तर बरेच जण सांगतात की हो, काचेमागे अंधारात काहीतरी हलताना दिसलं. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं, कारण थोडं आधीपासून ठरवलं तर तोच किवी मोकळ्या जंगलात चार पावलांवर बघता येतो, आणि तोही अशा माणसासोबत ज्याच्या पणजोबांच्या आधीपासून त्या जमिनीवर त्याच्या घराण्याचा वावर आहे.

माझं सगळं म्हणणं एका गोष्टीवर येतं. पक्षी वेगळे आणि माओरी कार्यक्रम वेगळा असे दोन कप्पे इटिनररीत करू नका. माओरींच्या दृष्टीने जंगल म्हणजे ताने ह्या देवाचं, आणि झाडं, पक्षी, माणसं सगळी त्याचीच वंशावळ, त्यामुळे पक्ष्याची राखण हे त्यांना नात्यातलं काम वाटतं, त्याला ते काइतियाकितांगा म्हणतात. ज्या टूर तिथल्या ईवीकडून, म्हणजे जमातीकडून, चालवल्या जातात तिथे एका दिवसात दोन्ही गोष्टी मिळतात, आणि डिनर शोपेक्षा कितीतरी जास्त समजतं. खाली मी क्रमाने लिहितोय, कुठून सुरू करायचं आणि कुठे काय सांभाळायचं.

आधी डोक्यातलं ताडोबा बाजूला ठेवा

आपल्याला जंगल म्हटलं की जिप्सी, गाइड, आणि समोर मोठं जनावर अशी सवय असते. न्यूझीलंडमध्ये जमिनीवरचे मूळचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं. बाकी सगळी जागा पक्ष्यांनी घेतलेली, म्हणून तिथे उडता न येणारे, जमिनीवर घरटी करणारे, शिकारी सस्तन प्राण्यांची सवयच नसलेले पक्षी तयार झाले. साधारण तेराव्या शतकात माओरींचे पूर्वज आले तेव्हा त्यांच्यासोबत किओरे जातीचा उंदीर आणि कुत्रा आला, नंतर युरोपियन लोकांनी घुशी, मांजरं, फरच्या धंद्यासाठी पॉसम आणि सशांना आवरायला स्टोट नावाचा मुंगसासारखा प्राणी आणला, आणि पक्ष्यांचा फडशा पडला. मोआ नावाचा उडता न येणारा प्रचंड पक्षी तर माणूस आल्यावर फार लवकर संपला, आणि माओरी हे लपवत नाहीत, त्यांच्या म्हणींमध्ये मोआचं नाव कायमचं नाहीसं होण्याच्या संदर्भातच येतं. हुइया नावाचा पक्षी, ज्याची पांढऱ्या टोकाची शेपटीची पिसं फक्त मोठ्या मानाच्या माणसांनी डोक्यात खोवायची, तो खात्रीलायक शेवटचा 1907 मध्ये दिसला.

एक गोष्ट आपल्या लोकांना लगेच जाणवते. ऑकलंडला उतरल्यावर पार्किंगमध्ये जो पहिला पक्षी दिसेल तो बहुतेक आपली साळुंकीच असेल! एकोणिसाव्या शतकात आणलेली, आणि आता तिथे ती उपद्रवी समजली जाते. मोर पण काही भागात रानात फिरतात, आणि दक्षिण बेटाच्या डोंगरात आपल्या हिमालयातला थार नावाचा रानबोकड 1904 पासून आहे. तेव्हा नुसता पक्षी दिसला म्हणून खूश होऊ नका, तो तिथला मूळचा आहे का हे विचारायची सवय लावा, मग बघण्याला दिशा येते.

ह्या सगळ्याचा प्लॅनिंगवर परिणाम असा की खरे पक्षी बघायचे तर उंदीर-स्टोट काढून टाकलेल्या बेटांवर किंवा कुंपण घातलेल्या अभयारण्यात जायला लागतं. गाडीतून जाता जाता ते दिसत नाहीत.

रूट कसा लावायचा

दोन आठवडे असतील तर मी सांगेन ऑकलंड, रोटोरुआ, वेलिंग्टन, मग फेरीने दक्षिण बेट, काइकोउरा, डुनेडिन आणि शेवटी स्ट्युअर्ट आयलंड म्हणजे राकिउरा. दहाच दिवस असतील तर दक्षिण बेट सोडून द्या, खरंच सोडा, उत्तर बेटावरच किवी, सरड्यासारखा दिसणारा तुआतारा, ताकाहे पक्षी, माओरी गाव सगळं होतं, आणि प्रत्येक ठिकाणी दोन-तीन रात्री मिळतात. रोज हॉटेल बदलणाऱ्या ट्रिपमध्ये पक्षी दिसत नाहीत कारण पक्षी पहाटे आणि रात्री, आणि आपण त्या वेळी एकतर बॅग भरत असतो नाहीतर झोपलेले असतो.

ऑकलंड ते रोटोरुआ साधारण तीन तासांचा ड्राइव्ह, रोटोरुआ ते वेलिंग्टन सहा तास धरा. ड्रायव्हिंग आपल्यासारखंच डावीकडून, पण रस्ते वळणावळणाचे आणि बऱ्याच ठिकाणी एकेरी लेनचे पूल असतात, तिथे बोर्डवर कोणाला आधी जायचंय ते बाणाने दाखवलेलं असतं, ते बघूनच गाडी घाला. घड्याळ आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे, त्यांच्या उन्हाळ्यात साडेसात.

सीझन म्हणाल तर ऑक्टोबर ते मार्च चांगला, दिवस मोठे असतात. पण किवीसाठी लांब रात्री बऱ्या, म्हणून एप्रिल-मे पण वाईट नाही. जून-जुलैच्या आसपास गेलात तर मातारिकी मिळेल, म्हणजे कृत्तिका नक्षत्र पहाटे परत दिसायला लागल्यावरचं माओरी नववर्ष, 2022 पासून त्याची देशभर सार्वजनिक सुट्टी असते.

निघण्याआधी: व्हिसा, बूट आणि आईने दिलेला डबा

भारतीय पासपोर्टवर आधी व्हिजिटर व्हिसा काढायला लागतो, ऑनलाइन अर्ज असतो, बँक स्टेटमेंट वगैरे नेहमीचं. 100 न्यूझीलंड डॉलरची टुरिस्ट लेव्ही वेगळी लागते. प्रवासाच्या आदल्या दिवशी ट्रॅव्हलर डिक्लेरेशन ऑनलाइन भरायचं, ते फुकट आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइट दिसल्या तर बंद करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बायोसिक्युरिटी. ह्याला लोक कटकट म्हणतात पण वर पक्ष्यांचं काय झालं ते वाचलंत ना, त्यामुळेच हे आहे. मध, ताजी फळं, भाज्या, बिया घेऊन जाऊच नका. लोणचं, मसाले, तूप, मिठाई, सुका मेवा, पूजेचं सामान, सुकी फुलं, लाकडी मूर्ती, तुळशीची माळ, जे जे खाण्याचं किंवा झाडाचं-प्राण्याचं आहे ते सगळं फॉर्मवर सांगायचं. सांगितलेली वस्तू त्यांनी काढून घेतली तरी दंड नाही, पण न सांगता सापडली की जागेवर 400 डॉलर, मग ती बॅगेच्या कोपऱ्यात राहिलेली एक संत्र्याची फोड का असेना.

ट्रेकिंगचे बूट असतील तर तेही डिक्लेअर करायचे. राजगडाची माती तळव्याच्या खाचांत असते, ती घरीच जुन्या टूथब्रशने आणि साबणाच्या पाण्याने घासून, पूर्ण वाळवून मग पॅक करा. हेच काम तिथे परत परत करायला लागतं. उत्तरेला काउरी नावाच्या प्रचंड झाडांच्या जंगलात शिरताना बूट घासायची आणि जंतुनाशकाची स्टेशनं असतात, कारण मातीतून पसरणाऱ्या एका रोगाने काउरीची मुळं मरतात. वाइपोआ जंगलात ताने माहुता नावाचा काउरी आहे, पन्नास मीटरच्या वर उंच, बुंध्याचा घेर तेरा मीटरच्या वर, आणि तिथे स्थानिक माओरी गाइड रात्रीची फेरी करवतात. वाट थोडी वाकडी होते पण वेळ असेल तर कराच.

आणि एक शब्द लक्षात ठेवा, राहुई. एखाद्या जंगलावर, किनाऱ्यावर, समुद्रावर ईवीने घातलेली तात्पुरती बंदी, कधी निसर्गाला सावरायला वेळ द्यावा म्हणून, कधी तिथे कोणाचा मृत्यू झाला म्हणून. ऑकलंडजवळच्या वाइताकेरे डोंगररांगेवर 2017 च्या डिसेंबरमध्ये तिथल्या ईवीने काउरीसाठी असा राहुई जाहीर केला होता. ट्रेलच्या तोंडाशी बोर्ड दिसला तर बाजूने जाऊ नये, परत फिरावं.

माओरी जागेत कसं वागायचं

ह्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथे लोक घाबरतात किंवा मग फारच मोकळे वागतात.

माओरी समाजाचं केंद्र म्हणजे माराए, आणि त्यावरचं सभागृह म्हणजे फारेनुई. ही इमारत म्हणजे पूर्वजाचं शरीर. आढ्याच्या टोकाला कोरलेला चेहरा असतो तो त्या पूर्वजाचा, तिथून दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या फळ्या म्हणजे पसरलेले हात, आतलं मधलं आडवं तुळवट म्हणजे कणा आणि रंगवलेले वासे म्हणजे फासळ्या. आत बसलात की तुम्ही त्या पूर्वजाच्या पोटात बसलेले असता. खांबांवरच्या कोरीव आकृत्यांचे डोळे पाउआ शिंपल्याचे असतात, दारातून उजेड बदलला की निळे-हिरवे चमकतात, आणि थोडा वेळ बघत राहिलात तर पक्ष्याच्या डोक्याच्या आकृत्याही सापडायला लागतात, त्यांना मानाइया म्हणतात. हे समजून आत गेलं की बूट का काढायचे, आत खायचं का नाही, हे कोणी वेगळं सांगायला लागत नाही.

माराएवर तोंड वर करून आपणहून शिरायचं नसतं. स्वागत होतं, त्याला पोफिरी म्हणतात. बाहेर फाटकाशी सगळ्यांनी एकत्र थांबायचं. टुरिस्ट कार्यक्रमात आपल्या गटातून एकाला प्रमुख निवडतात. आधी यजमानांचा योद्धा हातात ताइआहा म्हणजे लांब लाकडी शस्त्र घेऊन येतो, डोळे वटारतो, अंगावर येतो, आणि जमिनीवर एक पान किंवा छोटी वस्तू ठेवतो, ती आपल्या प्रमुखाने त्याच्याकडे बघत, हळू वाकून उचलायची. आलोय ते शांततेने आलोय, असा त्याचा अर्थ. ह्या वेळी हसायचं नाही, मुलांना आधीच सांगून ठेवा की काका ओरडतील, जीभ काढतील, पण घाबरायचं नाही आणि नक्कल पण करायची नाही. मग आतून बाईचा आवाज येतो, कारांगा, लांब ताणलेली हाक, त्यात दोन्हीकडच्या मेलेल्यांची आठवण असते, ती ऐकत हळू चालायचं आणि मध्ये थांबतात तिथे थांबायचं. मला विचाराल तर पूर्ण ट्रिपमधला अंगावर काटा आणणारा क्षण हा.

पुढे भाषणं होतात, आणि प्रत्येक भाषणानंतर त्या बाजूच्या लोकांनी गाणं म्हणायचं असतं. खऱ्या माराएवर गेलात तर पाहुण्यांनी पण गावं लागतं! तेव्हा गटाने घरूनच एखादा अभंग दोन कडव्यांपुरता बसवून जा, सगळ्यांना शब्द पाठ असलेला, सूर थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतं पण सगळ्यांनी मिळून म्हणावं. पाहुण्यांनी द्यायची भेट म्हणजे कोहा, माराएवर राहणार असाल तर पाकिटात घालून गटाकडून एकच द्यायची, किती ते आयोजकाला आधी विचारून घ्या, विचारणं त्यांच्यात अजिबात वावगं नाही.

शेवटी होंगी. उजवा हात हातात, थोडं पुढे झुकून नाक आणि कपाळ हलकेच टेकवायचं, डोळे मिटलेले किंवा खाली, एक श्वास, आणि मागे. श्वास वाटून घेणं हाच त्याचा गाभा, त्यामुळे घाईने नाक आपटून मोकळं व्हायचं नाही. आपल्याकडच्या बऱ्याच बायकांना अनोळखी पुरुषाशी एवढं जवळ जाणं अवघड वाटतं, तर हात पुढे करून नुसतं हस्तांदोलन केलं तरी कोणी वाईट मानत नाही. सर्दी असेल तर तसं सांगून टाका.

काही बारीक नियम. जेवणाच्या टेबलावर बसायचं नाही, त्यावर टोपी ठेवायची नाही, उशीवर बसायचं नाही, कोणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, लहान मुलाच्या सुद्धा, कारण डोकं तापू म्हणजे पवित्र. अन्नाशी जोडलेल्या गोष्टी आणि डोक्याशी-शरीराशी जोडलेल्या गोष्टी वेगळ्या ठेवायच्या, एवढं सूत्र धरलं की बाकी सुचत जातं. कब्रस्तानात उगाच जायचं नाही, गेलात तर बाहेर पडताना हात धुवायचे, पाणी ठेवलेलं असतं. फोटो विचारून, फारेनुईच्या आत बऱ्याच ठिकाणी नाहीच.

हाकाबद्दल, म्हणजे त्यांच्या पाय आपटत, ओरडत करायच्या सामूहिक नाचाबद्दल, वेगळं लिहितो. रग्बीमुळे जगभर माहीत झालेला ‘का माते’ हा हाका नागाती तोआ ईवीच्या ते राउपाराहा ह्या प्रमुखाने 1820 च्या सुमारास रचला, आणि ह्या ईवीचं नातं मान्य करणारा स्वतंत्र कायदा 2014 मध्ये झालाय. कार्यक्रमात स्टेजवर बोलावून शिकवतात तेव्हा मनापासून करा, मजा पण येते. पण हॉटेलच्या लॉबीत जीभ काढून रील बनवू नका, ती त्यांच्या कोणाची तरी रचना आहे.

रोटोरुआ: दोन जागा, आणि जेवण

इथे मी दोन ठिकाणं सुचवतो. पहिलं फाकारेवारेवा गाव, जिथे लोक आजही उकळत्या झऱ्यांच्या मधोमध राहतात, वाफेवर स्वयंपाक करतात, गरम पाण्याचे हौद अंघोळीला वापरतात. 10 जून 1886 ला तारावेरा ज्वालामुखी फुटला, जगप्रसिद्ध गुलाबी-पांढऱ्या दगडी पायऱ्या गेल्या, गावं गाडली गेली आणि तुहोउरांगी लोकांना इथे आसरा मिळाला, गाइडचं काम ते त्या आधीपासून करत होते आणि अजूनही करतात. फेरी गाइडसोबतच घ्या. उकळत्या पाण्यात पिशवीत घालून शिजवलेलं मक्याचं कणीस खाऊन बघा.

दुसरं म्हणजे ‘ते पुइया’ नावाची जागा, तिथे पोहुतू गीझर, म्हणजे जमिनीतून उसळणारा गरम पाण्याचा फवारा, आहे जो तीस मीटरपर्यंत उडतो, पण माझ्या मते खरी किंमत तिथल्या कोरीवकाम आणि विणकामाच्या शाळेची. विणकर बाई हाराकेके ह्या धागा देणाऱ्या झाडाचं लांब हिरवं पान घेते, शिंपल्याच्या कडेने एकदाच दाबून खरवडते आणि हिरवा गर गळून आत रेशमासारखा धागा निघतो, त्याला मुका म्हणतात. पान कापताना मधला कोंब आणि त्याच्या दोन्ही बाजूंची पानं कधी कापत नाहीत, मूल आणि आईबाप म्हणून, फक्त बाहेरची घ्यायची. ह्याच हाराकेकेच्या फुलातला मध तुई पक्षी पितो, कपाळावर परागकणांचा केशरी डाग घेऊन फिरतो. जुन्या काळी माओरी तुई पाळून त्याला स्वागताची वाक्यं शिकवायचे. बाहेर आलात की पार्किंगजवळच्या झुडपात तुई शोधा, गळ्याशी पांढऱ्या पिसांचे दोन गोंडे, आवाजात घंटी आणि मध्येच करकर. ते पुइयामध्ये किवीही आहे, काळोख केलेल्या घरात, जंगलातल्याची खात्री नसेल तर तिथे बघून घ्यावा.

जेवण म्हणजे हांगी. जमिनीत खड्डा, तापवलेले दगड, त्यावर टोपल्यांत मांस, रताळी म्हणजे त्यांची कुमारा, बटाटे, भोपळा, वर ओली कापडं आणि माती, आणि तीन-चार तासांनी उघडायचं. अलिबागकडची पोपटी खाल्लेली असेल तर धुरकट-मातकट वास ओळखीचा वाटेल, फक्त मसाला जवळजवळ नाही. शाकाहारी लोकांनी बुकिंग करतानाच लिहून कळवा, कारण मूळ पद्धतीत भाजी आणि मांस एकाच खड्ड्यात एकत्र शिजतं, आयत्या वेळी वेगळं करता येत नाही. जैन जेवण लागणार असेल तर कुमारा, बटाटा दोन्ही बाद, मग स्वतःचा डबाच बरा.

वेलिंग्टन आणि कापिती: जंगलातला किवी

वेलिंग्टनला ‘ते पापा’ नावाच्या म्युझियममध्ये अर्धा दिवस द्या, किवीच्या पिसांचे मानाचे झगे आणि कोरीव घर नीट बघून घ्या. मग झीलँडिया. शहराच्या कुशीत एका जुन्या धरणाच्या खोऱ्याभोवती 8.6 किलोमीटर लांबीचं कुंपण, जे मांजर चढू शकत नाही आणि उंदीर पोखरू शकत नाही, आणि आत 225 हेक्टर जंगल. इथे ताकाहे दिसतो, निळा-हिरवा, लाल चोचीचा, कोंबडीपेक्षा मोठा, संपला असं धरलेला पक्षी जो 1948 मध्ये दक्षिण बेटाच्या डोंगरात परत सापडला. तुआतारा पण इथेच, सरड्यासारखा दिसतो पण सरडा नाही, डायनासोरच्या काळातल्या गटातला शेवटचा उरलेला. त्याच्या बिळासमोर ऊन पडलेल्या सकाळी शांत उभे राहा, तो तासभर हलत नाही त्यामुळे घाई तुम्हालाच असते.

रात्रीची टूर घेतली तर किवीची शक्यता असते, पण मी सांगेन की एक रात्र कापिती बेटावर काढा. किनाऱ्यापासून पाचेक किलोमीटरवर, 1897 पासून राखीव, पॉसम आणि उंदीर दोन्ही पूर्ण काढून टाकलेत. पारापाराउमुहून बोट, परवाना बुकिंगमध्येच येतो, आणि चढण्याआधी बॅगेचा प्रत्येक कप्पा उघडून तपासतात, बी, मुंगी, उंदीर काहीही जाऊ नये म्हणून. उत्तर टोकाला माओरी कुटुंबाची पिढीजात जमीन आहे, राहण्याची सोय तेच करतात, जेवण त्यांच्यासोबत.

इथला किवी म्हणजे ठिपक्यांचा छोटा किवी, किवीच्या पाच जातींमधला सगळ्यात लहान, सव्वा किलोच्या आसपास. मुख्य भूमीवरून जवळजवळ नाहीसा झाला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ह्या बेटावर आणून सोडलेल्यांमुळे वाचला. रात्री गाइडच्या मागे एका ओळीत, लाल टॉर्च, फोन खिशात. नायलॉनचं जॅकेट घालू नका, प्रत्येक पावलाला चरचर वाजतं. आधी आवाज येतो, नराची चढत जाणारी शिट्टी, पंधरा-वीस वेळा, मग लांबून मादीचं घोगरं उत्तर. नंतर अगदी जवळ पाल्यात खसखस आणि एक फुसकारा, नाक शिंकरल्यासारखा, कारण त्याच्या नाकपुड्या चोचीच्या टोकाला असतात आणि माती गेली की तो फुंकून काढतो. तो आवाज आला की जिथे आहात तिथेच थांबा. अंधारात एक गोलसर करडा आकार, पिसं केसांसारखी, चोच काठीसारखी टेकवत टेकवत येतो, आणि माणूस हललाच नाही तर बुटाच्या बाजूने निघून जातो. फोटो येत नाही. काढायचा प्रयत्नच करू नका, फ्लॅश तर गुन्हा समजा.

ऑकलंडलाच थांबणार असाल तर तिरितिरी मातांगी हे सोपं बेट, सव्वा तासाची फेरी. शेती करून उजाड झालेल्या ह्या बेटावर 1984 पासून दहा वर्षांत स्वयंसेवकांनी अडीच लाखांहून जास्त झाडं लावली आणि मग एकेक पक्षी परत आणला. तिथे जेवण मिळत नाही, डबा-पाणी घेऊन जा, कचरा परत आणा.

दक्षिण बेट थोडक्यात

वेलिंग्टनहून पिक्टनची फेरी साडेतीन तास, डेकवर उभे राहिलात तर समुद्री पक्षी आणि नशीब असेल तर डॉल्फिन. काइकोउराला किनाऱ्याजवळच समुद्र खोल दरीसारखा तुटतो म्हणून स्पर्म व्हेल वर्षभर असतात. तिथली व्हेल बघायची कंपनी नाइ ताहू ईवीच्या लोकांनी 1987 मध्ये काढली, घरं गहाण ठेवून, रेल्वेतल्या नोकऱ्या गेल्यावर गावाला काम मिळावं म्हणून. बोट हलते, उलटीची गोळी अर्धा-पाऊण तास आधी घ्या, उपाशी पोटी जाऊ नका. सील खडकांवर पसरलेले असतात, दगडच वाटतात, किमान वीस मीटर लांब राहा आणि त्यांच्या आणि समुद्राच्या मध्ये उभे राहू नका.

डुनेडिनजवळ ताइआरोआ हेडला तोरोआ म्हणजे रॉयल अल्बट्रॉस, तीन मीटर पंखांचा पसारा, मुख्य भूमीवरची ही एकच वसाहत. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबर अखेरीपर्यंत अंडी घालण्याच्या वेळी बघायची जागा बंद असते, तारखा आधी बघून घ्या. तिथल्या होइहो पेंग्विनची, पिवळ्या डोळ्यांच्या, संख्या फार वेगाने घसरलीये. किनाऱ्यावर माणूस दिसला तर तो समुद्रातून वर येतच नाही आणि पिल्लू उपाशी राहतं, म्हणून त्याच्यासाठी स्वतःहून बीचवर उतरू नका, आडोशातून दाखवणाऱ्या गाइडसोबतच जा.

डोंगरात आर्थर्स पासला किंवा मिलफर्डच्या रस्त्यावर केआ पोपट गाडीचं रबर ओढतील. एक दाणासुद्धा देऊ नका, माणसाच्या खाण्याच्या मागे लागलेले केआ गाड्यांखाली मरतात.

ब्लफहून तासाभराच्या खवळलेल्या फेरीने राकिउरा. ओबान गावातून वॉटर टॅक्सीने उल्वा बेटावर जा, मुख्य वाटेवर बुटाने पालापाचोळा थोडा उकरा आणि दोन पावलं मागे सरा. मिनिटभरात तोउतोउवाइ, तिथला रॉबिन, काडीसारख्या पायांवर टुणकन येतो, उकरलेल्या मातीतले किडे टिपतो, वर बघतो, बुटाच्या लेसवर चोच मारून बघतो. खाऊ घालायचं नाही, फक्त उकरायचं. ह्याच भागातल्या छोट्या बेटांवर राकिउरा माओरी घराणी दर वर्षी एप्रिल-मेमध्ये तीती पक्ष्याची पिल्लं पकडायला जातात, वंशपरंपरेने आलेला हक्क आहे त्यांचा. आपल्यातल्या काही जणांना हे ऐकून धक्का बसतो, पण कुठल्या बेटावर कोण आणि कधी, ह्याचे नियम त्यांच्यात पिढ्यांपासून आहेत, आणि पक्षी टिकला तरच हक्क टिकतो हे त्यांना पक्कं माहीत आहे. गाइडला ह्याबद्दल विचारा, आवडीने सांगतात.

खरेदी

पोउनामू म्हणजे हिरवा दगड, 1997 च्या कायद्याने नाइ ताहूच्या मालकीचा. दुकानात दगड कुठला आणि कोरला कोणी हे दोन प्रश्न विचारा, परदेशी जेडचे स्वस्त लॉकेट भरपूर विकतात. स्वतःसाठी घेण्यापेक्षा कोणाला तरी द्यायला घ्यावा अशी तिथली रीत. पडलेली पिसं उचलून आणू नका, मूळच्या पक्ष्यांची पिसंही कायद्याने संरक्षित आहेत.

बुकिंग कोणत्या क्रमाने

सगळ्यात आधी कापितीची रात्र, तिथे खोल्या मोजक्या आणि हवा बिघडली तर बोट रद्द होते, म्हणून त्याच्या पुढचा एक दिवस मोकळाच ठेवा. मग राकिउराची फेरी आणि राहणं. त्यानंतर वेलिंग्टन-पिक्टन फेरी गाडीसकट, डिसेंबर-जानेवारीत ती लवकर भरते. काइकोउराची बोट सकाळची घ्या म्हणजे रद्द झाली तर दुपारची मागता येते. झीलँडियाची रात्रीची टूर आणि अल्बट्रॉस महिनाभर आधी मिळतात साधारणपणे. रोटोरुआचं सगळं शेवटी केलं तरी चालतं, फक्त जेवणाची सूचना विसरू नका. आणि विमानाचं तिकीट व्हिसा हातात आल्यावरच काढा, तोवर वाट बघा.